पाहिलं की ऐकलं

अकोल्याच्या ज्या दैनिकात माझी एकोणीस वर्षं गेली, तिथे तालुक्यांच्या बातम्या आधी एस.टी.नं यायच्या. वार्ताहर आपल्या गावच्या स्टँडवर ड्रायव्हरच्या हातात पाकीट द्यायचा, आमचा शिपाई अकोल्याच्या स्टँडवरून ती सगळी पाकिटं पिशवीत भरून आणायचा आणि मी ती फोडायचे. तेल्हाऱ्याचं पाकीट नाव न वाचताही कळायचं, कारण त्यातून दोरे निघायचे.

तेल्हाऱ्याचे आमचे वार्ताहर टेलर होते. सगळा तालुका त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून आम्हीही मास्तरच म्हणायचो. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी आणि बातमीत मात्र शाळेच्या पुस्तकातलं इस्त्री केलेलं मराठी, असा त्यांचा कारभार. लिहायचे गिऱ्हाइकाच्या मापाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे. एका बाजूला नगरपालिकेची सभा, उलटून पाहिलं तर कोणाची तरी छाती, कंबर आणि बाही. आणि प्रत्येक बातमीच्या शेवटी, सहीच्या जागी, एकच शब्द असायचा. स्वतः जाऊन आले असतील तर "पाहिलं", कोणी येऊन सांगितलं असेल तर "ऐकलं".

माझ्या आधीच्या उपसंपादकांनी टेबल सोपवताना सांगितलं होतं की "ऐकलं"वाली चिठ्ठी त्या दिवशी लावायची नाही, डाव्या खणात ठेवायची. दुसऱ्या दिवशीच्या पाकिटात बहुतेक वेळा तीच बातमी "पाहिलं" होऊन यायची. नाहीतर नुसतंच "कालची फाडून टाका" असं लिहून यायचं.

मला याचा भारी राग यायचा. मी स्वभावानं घाईची, कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करणारी. एकदा मी मास्तरांना फोनवर विचारलंच, "ऐकलेलं खरं नसतं का हो?" ते शांतपणे म्हणाले, "खरं असते बेटा. पण माह्या डोळ्याचं नसते." मी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला.

मग मोबाइल आले, मोबाइलवर ग्रुप आले, आणि मी हरखून गेले. हे मी आजही कबूल करते, आणि त्याची मला लाज नाही. गारपीट झाली की दहा मिनिटांत गारांचे फोटो. ज्या गावाचं नाव आमच्या पेपरात वर्षातून एकदा, यात्रेपुरतं यायचं, तिथली एखादी बाई कोरड्या नळाचा फोटो काढून थेट माझ्याकडे पाठवायची. तिला ना कोणत्या वार्ताहराला चहा पाजावा लागायचा, ना सरपंचाची मर्जी सांभाळावी लागायची. त्या बायकांनी मला जेवढ्या खऱ्या बातम्या दिल्या, तेवढ्या पुढाऱ्यांच्या सगळ्या प्रेसनोटांनी मिळून दिल्या नसतील. मी त्यांची ऋणी आहे.

पेपरानं मोबाइलसाठी बातम्यांचं वेगळं पान सुरू केलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं. संपादक भला माणूस, पण त्यांचाही रोज सकाळी पहिला प्रश्न तोच: "आपल्याआधी कोणी टाकलं?" मास्तरही मोबाइलवर बातम्या पाठवू लागले होते. आपला शेवटचा शब्द ते तिथेही इमानदारीनं लिहायचे. मजकूर उचलताना मी तो तेवढा पुसून टाकायचे. बाकीचे जे शेकडो निरोप यायचे, त्यांच्याखाली असलं काही नसायचंच. डाव्या खणात मी तोवर चार्जर ठेवायला लागले होते.

ती वर्षं वाईट होती. आत्महत्येची बातमी आमच्याकडे इतकी येत होती की तिची जागा ठरून गेली होती: तिसरं पान, एक कॉलम, खालच्या बाजूला. मजकूरही ठरून गेला होता. "नापिकी व कर्जबाजारीपणाला कंटाळून." हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले होते की फोनवर "कर्ज" टाइप करायचा अवकाश, पुढचं तो स्वतःच दाखवायचा. त्या बिचाऱ्याला काय दोष द्यायचा, त्याला मीच शिकवलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी तेल्हारा तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रुपवर निरोप आला:

"भाऊनं औषध घेतलं. वहिनीले सांगजा, वाट पाहू नोका."

पाठवणाऱ्याचं नाव वर होतं. त्याचा मोठा भाऊ कोण हे मला माहीत होतं, कारण मागच्याच महिन्यात तो ग्रामसभेत रस्त्यासाठी तावातावानं भांडला होता आणि मास्तरांनी ती बातमी दोघा भावांच्या नावांनिशी, "पाहिलं" लिहून पाठवली होती. मी पाठवणाऱ्याला फोन लावला, तो कव्हरेजच्या बाहेर. मास्तरांना लावला, बंद. शुक्रवारी त्या वेळी मास्तर नमाजला असतात हे मला एरवी पाठ होतं, पण त्या दिवशी नेमकं सुचलं नाही. मी सात मिनिटं थांबले. घड्याळाकडे पाहत थांबले होते, म्हणून तो आकडा आठवतो. मग नाव, गाव आणि फोननं पुढे केलेले शब्द जुळवून मी बातमी टाकून दिली.

पाव तासात एका पुढाऱ्याची श्रद्धांजली फिरायला लागली. तिच्यात हात जोडलेला पुढाऱ्याचा फोटो एवढा मोठा, की मेलं कोण हे शोधावं लागत होतं. आपली बातमी पहिली लागली म्हणून मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

सव्वादोनला मास्तरांचा फोन आला.

"बेटा, तू ज्याले मारलं, तो माह्या दुकानात उभा हाय. बाहीचं माप देऊन राह्यला."

झालं होतं ते एवढंच. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषध म्हणतात. भावानं तेल्हाऱ्याच्या कृषी केंद्रातून कपाशीसाठी औषध विकत घेतलं. तिथे गर्दीत उशीर झाला, शिवाय त्याला शर्ट शिवायला टाकायचा होता. म्हणून धाकट्यानं ग्रुपवर निरोप टाकला की वहिनीला सांगा, जेवायला वाट पाहू नका, आणि औषध घेऊन तो मोटरसायकलनं गावाकडे निघाला. घरी एकच फोन, तोही धाकट्याच्या खिशात, त्यामुळे त्या गावात घरोघरचे निरोप ग्रुपवरूनच जात. गावात कोणीही दचकलं नाही. शेजारणीनं वहिनीला निरोप दिला, वहिनीनं ताट वाढून घेतलं.

आणि मी काही पुण्याहून आलेली नव्हते. माझं माहेर अमरावतीचं. वडील संत्र्याच्या झाडांवर औषध मारून आले की आई त्यांना दारातूनच अंघोळीला पिटाळायची. हा शब्द मी त्या घरात शिकले होते. पण बारा-तेरा वर्षं त्या टेबलावर बसून माझ्याकडे औषधाचा एकच अर्थ शिल्लक राहिला होता.

मी बातमी काढून टाकली. त्याचा काय उपयोग, तोवर ती कुठून कुठे गेली होती. मास्तरांच्या फोनवर आता तो माणूस स्वतः होता. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

"मॅडम, माही पोरगी अमरावतीले शिकते. तिचा फोन बंद लागून राह्यला. तिनं वाचलं असन काय?"

तिनं वाचलं होतं. होस्टेलवर फोन लावला, तेव्हा तिच्या मैत्रिणीनं सांगितलं की वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली, त्यावर सगळ्यांचे हात जोडलेले निरोप आले, मग एकामागून एक फोन. त्या फोनांनीच तिची बॅटरी संपवली. ती नुसती पर्स घेऊन स्टँडवर गेली होती. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत एकटी बसली होती, आणि आणखी दोन अडीच तास तिचा बाप मेलेलाच राहणार होता. तो मी मारला होता.

मी संपादकांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी माफीचा मजकूर लिहा. मी म्हणाले, आधी मुलगी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा मग. इथं काय करून राहिल्या?" या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला कधी विसरणार नाही.

निघायच्या आधी मी दुसरा निरोप लिहिला. अमरावतीहून अकोल्याकडे येणाऱ्या गाडीत तेल्हाऱ्याकडची एक कॉलेजची मुलगी असेल, तिला सांगा की वडील सुखरूप आहेत, बातमी खोटी होती, चूक माझी आहे. खाली माझं नाव आणि नंबर. "वडिलांची बातमी" लिहिताना फोननं "वडिलांची"नंतर "आत्महत्या" हाच शब्द पुढे केला, तो मी पुसला. मग माझ्याकडे जेवढे ग्रुप होते तेवढ्यांवर तो टाकला. बडनेऱ्याचे, मूर्तिजापूरचे, बार्शीटाकळीचे सुद्धा, जिथून ती गाडी जातही नाही.

आणि लोकांनी तो उचलला. ज्यांना मी ओळखत नव्हते, ज्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, अशा लोकांनी. एक किराणा दुकानदार बडनेऱ्याच्या स्टँडवर जाऊन आला, म्हणाला गाडी पुढे गेली. मी रिक्षात असतानाच मूर्तिजापूरच्या स्टँडवरच्या कंट्रोलरचा फोन आला. त्यांच्या बायकोनं त्यांना निरोप पाठवला होता.

"मॅडम, गाडी लागली होती. मी स्पीकरवर तीनदा सांगितलं. कोणी उतरलं नाही. पण खिडकीत एक पोरगी रडून राह्यली होती, ते रडायची थांबली."

अकोल्याच्या स्टँडवर मी त्या माणसाला शोधत होते; तोही तिकडेच निघाल्याचं मास्तरांनी कळवलं होतं. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पण बाकावर पन्नाशीचा एक उंच माणूस बसला होता आणि त्याच्या गळ्यात टेलरची पिवळी टेप लोंबत होती. मास्तरांच्या दुकानातून तो तसाच, माप देता देता, जीपमध्ये बसून निघाला होता.

मी समोर उभी राहिले, माझं नाव सांगितलं आणि हात जोडले. त्यानं मला बाकावर जागा करून दिली. मूर्तिजापूरचं सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले.

"मेलो लिहिलं, ते चुकून झालं," तो डोळे उघडून म्हणाला. "होते चूक. पण कंटाळून काहून लिहिलं? मी कवा कंटाळलो? ते कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "सवयीनं लिहिलं."

"सवयीनं." त्यानं तो शब्द जरा घोळवला. "मंग ते बाकीचे, तुमी रोज छापता ते? त्यायचंबी सवयीनंच?"

काहींची चौकशी झाली होती, काहींच्या घरी मास्तरांसारखं कोणी बसून आलं होतं. पण कितीतरी जणांचं शेवटचं कारण मी त्या टेबलावर बसून, चहा पिता पिता लिहून मोकळी झाले होते. ते कशाला कंटाळले होते, कंटाळले होते की आणखी काही होतं, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. स्टँडवर, एवढ्या लोकांत, मला रडू आलं.

त्यानं उठून दोन चहा आणले. एक माझ्या हातात दिला आणि विषय बदलावा म्हणून की काय, म्हणाला, "दोन पक्षाचे लोक घरी सांत्वनाले निघाले म्हणते. माही बायको एकटी. त्यायले चहा पाजन, का हाकलून देईन, काई भरवसा नाई." मी रडता रडता हसले. ज्या माणसाला मी मारलं त्यानंच मला चहा पाजला, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं.

गाडी यायच्या आधी पुढचं थोडं सांगून टाकते. त्यानं तक्रार केली नाही. संपादकांनी मला पानावरून काढलं नाही, पण मी त्यांच्याकडून एक नियम मागून घेतला: कोणताही निरोप आला तरी त्या घरचा चहा प्यालेल्या एका तरी माणसाशी बोलल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. यामुळे आम्ही कितीदा तरी मागे पडलो. जठारपेठेतल्या माझ्या घराशेजारचे लोक मला तोंडावर म्हणायचे की तुमच्या पेपरात सगळं उशिरा कळतं. कारणाची ओळ मी लिहिणंच सोडलं. त्याऐवजी तो माणूस काय पेरायचा, कोणाशी भांडायचा, कशावर हसायचा, हे दोन वाक्यांत लिहू लागले. ते मिळवायला फोन करावे लागले, गावात जावं लागलं, आणि मोबाइलवरच्या त्याच बायकांनी, त्याच ग्रुपनी मला ते मिळवून दिलं. मला बातमीदारी खरी तिथून आली. ती मला त्या पिवळ्या टेपवाल्या माणसानं शिकवली आणि एका टेलरनं तर कितीतरी आधी, मापाच्या चिठ्ठ्यांवर, रोज लिहून दिली होती. मीच वाचली नव्हती.

साडेचारनंतर अमरावतीची गाडी आली.

माणसं उतरत होती आणि तो प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत उभा होता. ती सर्वात शेवटी उतरली. बापाला पाहून ती धावली नाही. तीन पावलांवर थांबली आणि त्याच्याकडे डोक्यापासून चपलेपर्यंत पाहत राहिली. दुपारी तिनं एक ऐकलं होतं आणि मूर्तिजापूरला दुसरं ऐकलं. त्यातलं कोणतं धरावं हे तिला गाडीत ठरवता येत नव्हतं, असं तिनं मला नंतर सांगितलं. मग ती पुढे आली आणि तिनं त्याच्या गळ्यातल्या टेपची दोन्ही टोकं घट्ट धरली.

"हे काय घातलं बाबा गळ्यात?"

"मास्तरची हाय. घाईत राहून गेली."

तेवढ्यावर तिला रडू फुटलं. तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला आणि मी पलीकडे तोंड करून उभी राहिले.

ती शांत झाल्यावर मी तिला सांगितलं की मी कोण. ती रागावेल, हात उगारेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं, "आता काय लिहिलं तुम्ही?"

मी फोन पुढे केला. त्याचं नाव, गाव, तो सुखरूप आहे, चुकीच्या बातमीबद्दल त्याची आणि त्याच्या घरच्यांची माफी. शेवटचं वाक्य त्यानं बाकावर बसून माझ्याकडून लिहून घेतलं होतं: ते कर्जबाजारी नाहीत आणि कशालाही कंटाळलेले नाहीत. तिनं सगळं दोनदा वाचलं. तोही वाकून वाचत होता.

"खाली ते राह्यलं," तो म्हणाला. "मास्तर लिहितात ते."

"ते पाहणाऱ्यानं लिहायचं असतं," मी म्हणाले, आणि फोन तिच्या हातात दिला. चिठ्ठ्यांवरच्या त्या शब्दाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. त्यानं दोन वाक्यांत सांगितली.

ती टाइप करायला लागली आणि थांबली. मान वर करून तिनं बापाकडे आणखी एकदा पाहिलं. तो गळ्यातली टेप काढून, मास्तरला परत द्यायची म्हणून, बोटांभोवती नीट गुंडाळत होता. मग तिनं खाली बघून लिहिलं, "पाहिलं", आणि बटण दाबलं.